स्वामी कुवलयानंद : श्वासाचे मोजमाप घेणारे आचार्य

प्रतिवर्षी या स्मरणिकेत एका दिवंगत थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा आपल्या संस्थेचा परिपाठ आहे. महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांतील आपल्या घरांतून वाढणाऱ्या मुलामुलींच्या दृष्टीपुढे काही उदात्त जीवने असावीत, आणि नोकरीधंद्यानिमित्त मुंबई-पुण्याकडे पांगलेल्या ज्ञातिबांधवांना सणासुदीला घरी आल्यावर चार चांगली पाने वाचावयास मिळावीत, हा त्यामागील हेतू. यंदा आम्ही लोणावळ्याच्या कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक स्वामी कुवलयानंद यांचे चरित्र निवडले आहे. ते कोणत्या ज्ञातीचे, असा प्रश्न संपादक मंडळाच्या बैठकीत एका वडीलधाऱ्या सभासदांनी केला. तो प्रश्न आम्ही नम्रपणे बाजूस ठेवला. ज्यांनी उभा जन्म एका विद्येची पारख करण्यात वेचला, त्यांचे चरित्र कोणत्याही ज्ञातीच्या घरात वाचले जावे असे आम्हास वाटते.

ही निवड करण्यास एक प्रसंग कारण झाला. काही वर्षांपूर्वी आपल्या वार्षिक मेळाव्यात शालान्त परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे एका पाहुण्यांचे व्याख्यान झाले. परीक्षेच्या दालनात शिरण्यापूर्वी दहा मिनिटे प्राणायाम केला की मेंदूस भरपूर प्राणवायू मिळतो, बुद्धी तल्लख होते आणि गणिते झरझर सुटू लागतात, असे त्यांनी मोठ्या आवेशाने सांगितले. सभेने टाळ्या वाजविल्या, आम्हीही वाजविल्या. कार्यक्रम आटोपल्यावर पोलादपूरकडील एका मुलीने आम्हास विचारले की, हे कोणी मोजून पाहिले आहे काय? आम्हास उत्तर देता आले नाही. आपल्या पूर्वजांनी सांगितलेले आहे, एवढेच बोलून आम्ही वेळ मारून नेली. मुलगी गप्प राहिली. परंतु तिचे समाधान झाले नव्हते हे तिच्या मुद्रेवर स्पष्ट दिसत होते. त्या प्रश्नाचा शोध घेता घेता आम्ही कुवलयानंदांच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मुलीस उशिराने दिलेले उत्तर आहे.

श्वासाची लय आणि मनाची शक्ती यांचा काही संबंध आहे, हे आपल्या डोंगराळ मुलखातील माणसास निराळे सांगावयास नको. पाचाडहून रायगडाच्या पायऱ्या चढू लागले की प्रथम गप्पा बंद पडतात, पुढे विचारही थांबतात, आणि शेवटी पुढची पायरी एवढेच जग उरते. जुनी माणसे अशा वेळी नव्या माणसास पावलांशी श्वासाचा मेळ घालावयास सांगतात. मेळ जमला की चढण तीच राहते, पण मन पुन्हा मोकळे होते. हा अनुभव आहे. पण अनुभव म्हणजे पुरावा नव्हे. अनुभवापासून पुराव्यापर्यंतची वाट चालून जाण्याचे काम ज्या थोड्या लोकांनी आपल्या देशात आरंभिले, त्यांत कुवलयानंदांचे स्थान फार वरचे आहे.

त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई या गावी झाला. घरची स्थिती बेताची होती आणि शिक्षण इतरांच्या साहाय्याने पुरे करावे लागले. तथापि बुद्धी तीक्ष्ण होती. १९०३ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृत विषयातील नैपुण्याबद्दल त्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळाली. त्या काळी संस्कृत शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने या शिष्यवृत्तीहून मोठा मान नव्हता. पुढे त्यांनी बडोदे महाविद्यालयात प्रवेश घेतला. तेथे त्या काळी श्रीअरविंद अध्यापन करीत असत. त्यांच्या राष्ट्रीय विचारांचा, तसेच लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा, या तरुणावर खोल परिणाम झाला. आजन्म ब्रह्मचर्य पाळून देशसेवा करावयाची असा त्यांनी निश्चय केला, आणि तो अखेरपर्यंत पाळला.

बडोद्यात त्यांना पहिला गुरू लाभला तो आखाड्यात. जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न माणिकराव यांच्यापाशी १९०७ ते १९१० या काळात त्यांनी देशी व्यायामाचे शिक्षण घेतले. संस्कृत पंडिताने लाल मातीत उतरावे ही गोष्ट त्या काळी काहीशी विशेष होती. आमच्या मते त्यांच्या पुढील साऱ्या कार्याचे बीज येथेच पडले. ग्रंथातील शब्द आणि शरीरातील स्नायू हे दोन्ही त्यांना सारखेच परिचयाचे झाले. ज्याला केवळ शब्द ठाऊक, तो योगग्रंथांवर टीका लिहितो. ज्याला केवळ स्नायू ठाऊक, तो कसरत करतो. दोन्ही जाणणाऱ्यास मात्र शब्दाप्रमाणे शरीरात खरोखर घडते काय, असा प्रश्न पडतो.

पदवी घेतल्यानंतर त्यांनी अध्यापनाचा मार्ग पत्करला. खानदेशातील अंमळनेर हे त्या काळी विद्येचे एक लहानसे पण तेजस्वी केंद्र होते. श्रीमंत प्रतापशेट यांच्या औदार्याने तेथे १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. अशा गावी गुणे यांनी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कार्यास हातभार लावला, संस्कृत शिकविले आणि तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. परकीय सरकारच्या रोषामुळे राष्ट्रीय शिक्षणाच्या या संस्थेस फार काळ जगता आले नाही. वर्गावर वर्षानुवर्षे उभे राहिल्याने त्यांच्या अंगी एक गुण मात्र कायमचा बाणला. समोर बसलेल्या अडाणी व हुशार, श्रद्धाळू व संशयी, अशा सर्वांना पटेल तेच सांगावयाचे, ही शिक्षकाची शिस्त त्यांनी पुढे प्रयोगशाळेतही सोडली नाही.

याच सुमारास, १९१९ साली, त्यांच्या आयुष्यास वळण देणारी भेट घडली. नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी या नावाचे वयोवृद्ध बंगाली योगी राहत असत. गुणे त्यांच्या चरणी गेले आणि त्यांच्यापाशी योगसाधना शिकले. साधनेत त्यांना जे अनुभव आले त्यांनी ते भारावून गेले. परंतु केवळ भारावून जाणे हा त्यांचा स्वभाव नव्हता. शरीरात काही घडते आहे हे निश्चित; मग त्याचे कारण काय, आणि ते साधन नसलेल्या परक्या माणसासही दाखविता येईल काय, असा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. अनेक शिष्यांना अनुभव आला की प्रश्न उरत नाहीत. या शिष्यास अनुभव आला आणि प्रश्न सुरू झाले.

१९२० व १९२१ या वर्षांत त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बडोदे येथील सरकारी इस्पितळात उड्डियान व नौली या क्रियांवर प्रयोग केले. क्ष-किरणांचे यंत्र आपल्या देशात तेव्हा नवलाईचे होते. मोडलेले हाड पाहण्यासाठी आणलेल्या त्या यंत्रापुढे योगसाधकास उभे करावे, ही कल्पनाच अपूर्व होती. नौली क्रियेत पोटाचे उभे स्नायू पुढे काढून ते फिरविले जातात, आणि बस्ती क्रियेत पाण्यात बसलेला साधक कोणत्याही उपकरणावाचून गुदद्वारे पाणी आत ओढून घेतो. हे पाणी वर चढते कसे? अपानवायूच्या आकर्षणाने, असे परंपरा सांगत आली होती. कुवलयानंदांनी मोठ्या आतड्यातील दाब पाऱ्याच्या नळीने मोजला. स्नायू पुढे येताच आतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी होतो, आणि त्या अंशतः निर्वात स्थितीमुळे पाणी आत शिरते, असे दिसून आले. विहिरीवरील हातपंप ज्या नियमाने पाणी ओढतो तोच हा नियम. या निर्वात स्थितीस त्यांनी आपल्या गुरूचे, माधवदासांचे, नाव दिले.

या नामकरणात त्यांचा सारा स्वभाव प्रकट झाला आहे असे आम्हास वाटते. गुरुपरंपरेने दिलेले स्पष्टीकरण मोजणीत टिकले नाही. ते त्यांनी सोडले. गुरूने शिकविलेली क्रिया मोजणीत खरी ठरली; ती त्यांनी ठेवली, आणि नव्या शोधास गुरूचेच नाव दिले. असत्य टाकताना गुरुद्रोह होतो असे त्यांना वाटले नाही, आणि गुरुभक्तीसाठी असत्य जपावे लागते असेही वाटले नाही.

१९२४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांनी लोणावळे येथे कैवल्यधाम या संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक सुरू झाले. आपल्या वरंध व आंबेनळी घाटांच्या माथ्यावरून जी सह्याद्रीची रांग उत्तरेकडे जाते, तिच्याच माथ्यावर बोरघाटाच्या तोंडाशी लोणावळे वसले आहे. तेथे एका बाजूस साधना आणि दुसऱ्या बाजूस प्रयोगशाळा असे संस्थेचे स्वरूप होते. त्रैमासिक इंग्रजीत निघत असे, कारण जगातील शास्त्रज्ञांनी ते वाचावे व त्यात चूक असल्यास दाखवावी अशी योजना होती. प्रत्येक अंकात प्रयोगाची पद्धत, मोजलेले आकडे आणि त्यांवरून काढलेले अनुमान अशी मांडणी असे. सर्वांगासन, मत्स्यासन, शीर्षासन या आसनांत रक्तदाब किती चढतो याची त्यांनी मोजणी केली. डोके खाली व पाय वर केल्याने मेंदूतील रक्तवाहिन्यांना धोका पोहोचेल अशी भीती डॉक्टर लोक व्यक्त करीत. निरोगी साधकात दाब चढतो, परंतु लोक समजतात तितका चढत नाही, असे त्यांच्या मोजणीत आढळले. त्याचबरोबर रक्तदाबाचा विकार असणाऱ्याने ही आसने करू नयेत, असा इशारा देण्यासही ते विसरले नाहीत.

आता आम्ही त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. प्राणायामाने शरीरास भरपूर प्राणवायू मिळतो ही समजूत कुवलयानंदांच्या काळीही सर्वत्र पसरलेली होती. योगाचा अभिमान बाळगणाऱ्या इंग्रजी शिकलेल्या लोकांस ती विशेष प्रिय होती, कारण तिच्यात जुनी विद्या व नवे शास्त्र यांचा सहज मेळ बसल्यासारखा दिसे. कुवलयानंदांनी सोडलेला श्वास गोळा करून त्यातील वायूंचे प्रमाण तपासले. पुष्कळ प्राणवायू मिळविणे हे प्राणायामाचे मर्म नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पूरक, कुंभक व रेचक यांची लय सांभाळल्याने छाती व उदर यांतील दाबात जे नियमित बदल होतात, त्यांचा मज्जासंस्थेवर होणारा परिणाम आणि श्वासावर येणारा ताबा, यांत त्याचे मोल आहे असे त्यांनी प्रतिपादिले. ज्या युक्तिवादाने योगाचा प्रसार सोपा झाला असता तोच त्यांनी नाकारला. प्रचारकास हे परवडत नाही. शास्त्रज्ञास परवडावे लागते.

मनाच्या शक्तीची मोजणी मात्र त्यांच्या दाराशी एका तरुण मानसशास्त्रज्ञाने आणली. त्रावणकोर संस्थानातील कोवूर बेहनन हे अमेरिकेतील येल विद्यापीठात मानसशास्त्राचा अभ्यास करीत होते. योगाचे शास्त्रीय परीक्षण करावे या हेतूने तेथील शिष्यवृत्ती घेऊन ते १९३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हिंदुस्थानात आले आणि कैवल्यधामात कुवलयानंदांचे विद्यार्थी होऊन राहिले. साधना शिकून परत गेल्यावर त्यांनी स्वतःच्या शरीरावर व मनावर प्रयोग केले. १९३७ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

त्यांनी जे मोजले ते दोन प्रकारचे होते. पहिले, प्राणवायूचा व्यय. उज्जायी प्राणायाम करीत असताना शरीर नेहमीपेक्षा सुमारे चोवीस टक्के अधिक प्राणवायू खर्च करते, भस्त्रिकेत व कपालभातीत वाढ याहून कमी असते, असे त्यांना आढळले. कुवलयानंदांच्या कलापेक्षा हे निराळे होते. मात्र यावरून मेंदूस अधिक प्राणवायू मिळाला असे सिद्ध होत नाही. श्वासाचे स्नायू कामाला लागले की शरीराचा खर्च वाढतो. दुसरे मोजमाप बौद्धिक कामाचे. बेरजा करण्यासारखी कामे प्राणायामापूर्वी व प्राणायामानंतर अनेक दिवस करून त्यांनी वेगाची तुलना केली. निष्कर्ष असा निघाला की, प्राणायामानंतर लगेच अशी कामे मंद होतात. मन बाहेरच्या व्यापारातून आत वळल्यासारखे होते, आणि बेरीज हा तर बाहेरचा व्यापार. याच बेहननांनी असेही नमूद केले की, वर्षभराच्या साधनेने आपल्या भावनांत पूर्वी नव्हती अशी स्थिरता आली.

म्हणजे आमच्या मेळाव्यात ज्या विधानावर टाळ्या पडल्या, त्याच्या उलट दाखविणारा प्रयोग कितीतरी आधी छापला गेलेला होता, आणि तोही कैवल्यधामात शिकलेल्या विद्यार्थ्याच्या हातून. एका माणसावरील प्रयोगाने सिद्धान्त ठरत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु आमच्या पाहुण्यांपाशी तेवढाही आधार नव्हता, आणि आमच्या टाळ्यांपाशीही नव्हता.

कुवलयानंदांचे सार्वजनिक कार्यही मोठे आहे. १९२७ साली महात्मा गांधींनी स्वतःच्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला व उभयतांत पत्रव्यवहार झाला. आसने व प्राणायाम यांवरील त्यांची पुस्तके सामान्य वाचकांतही मान्य झाली. १९३२ साली मुंबईत सांताक्रूझ येथे शाखा निघाली. १९३६ साली ती चौपाटीनजीक मरीन ड्राइव्हवर आली आणि ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र या नावाने नावारूपास आली. मुंबईस नोकरी करणाऱ्या आपल्यातील कित्येकांनी समुद्राकाठची ती इमारत जातायेता पाहिली असेल. शाळांतील शारीरिक शिक्षणाची घडी बसविण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समित्यांत त्यांचा वाटा मोठा होता. पटांगणावर एकाच वेळी पुष्कळ मुलांना करता यावेत असे यौगिक व्यायाम त्यांनी हुकुमांसह बसवून दिले. लोणावळ्यास योग शिकविणारे महाविद्यालय निघाले, पुढे यौगिक उपचारांचे रुग्णालयही निघाले. जुन्या हस्तलिखितांच्या चिकित्सक आवृत्त्या काढण्याचा विभाग त्यांनी चालविला. गोरक्षशतकाची आवृत्ती हे त्याचे एक फळ. यौगिक उपचारांवरील त्यांचा व डॉ. विनेकर यांचा ग्रंथ १९६३ साली केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने प्रसिद्ध केला.

या सर्व व्यापात प्रयोगशाळेचा दरवाजा त्यांनी परक्यांसाठी उघडा ठेवला, ही गोष्ट आम्हास सर्वांत मोठी वाटते. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्राचे प्राध्यापक वेंगर आणि मिशिगन विद्यापीठातील डॉ. बागची हे मेंदूच्या व हृदयाच्या विद्युत्प्रवाहांची नोंद करणारी यंत्रे घेऊन हिंदुस्थानभर फिरले. कैवल्यधामातील साधकांचीही त्यांनी परीक्षा केली. काही योगी इच्छेनुसार हृदय बंद करतात अशी ख्याती होती. दिल्लीचे डॉ. आनंद यांच्यासमवेत त्यांनी अशा योग्यांची तपासणी केली. श्वास कोंडून छातीतील दाब वाढविल्याने नाडी लागेनाशी होते व ठोके ऐकू येईनासे होतात. परंतु यंत्रावर हृदयाचा व्यापार चालूच असल्याचे दिसते, असे त्यांना आढळले. हृदय थांबत नव्हते. १९६१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांना चमत्कार हवा होता त्यांची निराशा झाली असेल. पण इच्छेने श्वास व स्नायू यांच्या द्वारा रक्ताभिसरणावर इतका परिणाम घडविता येतो, ही गोष्ट चमत्काराहून कमी मनोरंजक नाही, आणि ती खरी आहे हा तिचा अधिक गुण.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामी कुवलयानंदांचा देहान्त झाला. त्यांच्यामागे स्वामी दिगंबरजी यांनी संस्थेची धुरा वाहिली. १९६८ साली संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हवाबंद खड्ड्यात राहणाऱ्या माणसांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. भूमिगत समाधीच्या जाहीर खेळांचीही अशी परीक्षा झाली. २०२४ साली संस्थेस शंभर वर्षे पूर्ण झाली.

त्यांच्यानंतरच्या काळात श्वासाच्या लयीचा अभ्यास जगभर पुष्कळ पुढे गेला आहे. २००१ साली इटलीतील डॉक्टर बर्नार्डी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना लॅटिन भाषेत म्हणताना काय किंवा योगातील मंत्र म्हणताना काय, श्वास मिनिटास सुमारे सहा इतका मंदावतो, आणि त्या गतीने हृदयाचे ठोके व रक्तदाब यांच्या लयी एकमेकींशी जुळतात. दोन दूरदेशीच्या उपासना एकाच गतीवर येऊन ठेपल्या होत्या. २०१६ साली शिकागोनजीकच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात असे आढळले की, नाकाने श्वास आत घेत असताना पाहिलेल्या वस्तू श्वास सोडताना पाहिलेल्या वस्तूंपेक्षा थोड्या अधिक आठवतात. तोंडाने श्वास घेतल्यास हा फरक राहत नाही. फरक अल्प आहे, परीक्षेतील गुणांचे आश्वासन त्यातून निघत नाही. परंतु श्वासाची लय व मनाचे काम यांत धागा आहे, ही जुनी जाणीव आता मोजणीच्या पातळीवर आली आहे. आपल्याकडील स्वरशास्त्राने नाकपुड्या आळीपाळीने वाहतात असे सांगितले होते. ते जर्मनीतील डॉक्टर कायझर यांनी १८९५ साली मोजणीने नोंदविले. त्या शास्त्रातील शुभाशुभ फळांना मात्र कोणत्याही मोजणीने दुजोरा दिलेला नाही. एकाच पोथीतील एक गोष्ट टिकते, दुसरी टिकत नाही. सारी पोथी डोक्यावर घेणे किंवा सारी फेकून देणे सोपे असते. ओळ न् ओळ तपासणे कष्टाचे असते. कुवलयानंदांनी ते कष्ट पत्करले.

आता आम्ही थोडे स्वतःकडे पाहू इच्छितो. ज्ञातीच्या स्मरणिका हा अभिमानाचा प्रांत आहे. आपल्या मूळपुरुषांच्या, आपल्या शौर्याच्या, आपल्या वतनांच्या कथा आपण वर्षानुवर्षे छापीत आलो. रायगडाच्या छायेत राहणाऱ्यांना अशा कथांचा तोटा नाही. त्यांतील किती आपण पडताळून पाहिल्या? कोणत्या कागदावर कोणती नोंद आहे, हे किती जणांनी उघडून वाचले? एखादी कथा खोटी ठरली तर ज्ञातीचे नाक कापले जाईल अशी भीती आपल्या मनात असते. कुवलयानंदांपुढेही हीच भीती उभी होती, आणि ती तर एका ज्ञातीच्या नव्हे, साऱ्या देशाच्या अभिमानाची होती. परकीय राज्य डोक्यावर असता आपल्या प्राचीन विद्येतील अमुक एक गोष्ट खरी नाही असे छापून सांगणे सोपे नव्हते. त्यांनी ते सांगितले. त्यामुळे विद्येची नाचक्की झाली नाही. उलट त्यांनी जे खरे म्हटले त्यावर जगाने विश्वास ठेवला. आपल्या खऱ्यावर लोकांनी विश्वास ठेवावा असे वाटत असेल, तर आपले खोटे आपणच प्रथम वेगळे काढले पाहिजे. आगामी अंकापासून ज्ञातीविषयक ऐतिहासिक लेखांत आधार काय, हे लेखकांस विचारण्याचे संपादक मंडळाने ठरविले आहे. वडीलधाऱ्यांनी याचा राग मानू नये.

पोलादपूरकडील त्या मुलीस आमचे सांगणे एवढेच. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे की, मोजून पाहिलेले आहे. मोजणाऱ्यांस जे आढळले ते व्याख्यानात सांगितले त्याहून निराळे आहे. परीक्षेच्या दारात उभे राहून घाईघाईने केलेला प्राणायाम गणिते सोडवून देणार नाही. त्यासाठी गणितेच सोडविली पाहिजेत. मंद, सावकाश श्वासाने धडधडणारे काळीज शांत होण्यास मदत होते, आणि जाणत्याच्या देखरेखीखाली नित्य केलेल्या साधनेने चित्तास स्थैर्य येऊ शकते; तेवढे घ्यावे. हृदयाचा अथवा रक्तदाबाचा विकार असणाऱ्या घरच्या मोठ्या माणसांनी श्वास कोंडण्याचे प्रकार डॉक्टरास विचारल्यावाचून करू नयेत. आणि ज्या दिवशी आम्ही उत्तर न देता वेळ मारून नेली, त्या दिवशी चूक आमची होती. तू विचारलेस ते योग्यच केलेस.

ज्या डभोईच्या गरीब विद्यार्थ्याने गुरूच्या चरणी मस्तक ठेवले आणि तेथून उठून पाऱ्याची नळी हाती घेतली, त्यास आमचे विनम्र अभिवादन असो.